माझ्या नावावरचं घर

बुधवार, दिवेलागणीला

कपाळाला फडकं बांधून लिहितेय, अक्षर वाकडं येतंय. सकाळी उस्मानपुऱ्याच्या बँकेत सांगितलं, शहीद जवानाची बायको म्हणून सरकारी घरकर्ज मंजूर झालं. घर माझ्या एकटीच्या नावावर.

पाचोडला परतले तर अंगणात, नव्या घरासाठी आधीच आणून ठेवलेल्या विटांवर दीर बसलेला. "वैनी, माझ्यासंग पाट लावा. घर घरात राहील." विधवेनं दिराशी पाट लावायचा, दुसरं लगीन करायचं, ही आमच्यातली रीतच हाय. मी नाय म्हणाले. त्यानं केस धरून माझं डोकं विटांवर आपटलं. दुसऱ्यांदा आपटणार, तेवढ्यात माझ्या हाताला वीट लागली. हाणली. त्याचा कान फुटला. तरी परत हाणली. एवढा राग माझ्यात कुठं होता? तो बोंबलत पळाला.

सासूबाई दारातनं सगळं बघत होत्या. पोटचा पोर त्यांचा. वाटलं, आता ह्या माझा जीव घेतील. त्या आल्या, माझ्या हातातली वीट सोडवली, पदरानं माझ्या कपाळाचं रक्त पुसलं.

"माझा पाट लावला तव्हा," त्या म्हणाल्या, "माझ्या हाताला वीट लागली नव्हती गं."