केस विंचरता येतात का, याचे खरे उत्तर नोंदवून घेणेबाबत

प्रति,
मा. समन्वयक,
रुग्ण-प्रश्नावली मूल्यमापन गट (मराठी आवृत्ती),
लंडन.

अर्जदार: उर्वी श्रीनिवास दामले, वय १५, रीडिंग (इंग्लंड).

विषय: मागील तीन प्रश्नावल्या रद्द करून अर्जदाराची स्वतःची उत्तरे धरणेबाबत.
संदर्भ: ‘मराठी आवृत्तीवर मराठीतच अभिप्राय द्यावा’ हे आपले पत्र.

महोदय,

ही प्रश्नावली आजारी माणसाची आहे की त्याच्या आईची? हे विचारून दाखव, अशी पैज अर्जदाराची मैत्रीण ईशिता हिने शाळेत लंचच्या वेळी लावली. पैज मस्करीत लागली, पण प्रश्न मस्करीचा नाही, म्हणून लेखी सादर.

१. अर्जदारास तीन वर्षांपासून स्नायूंना सूज येण्याचा आजार आहे. आपली प्रश्नावली घरी येते. आई आणि बाबा दोघेही हॉस्पिटलमध्ये डॉक्टर असल्याने चहा उकळेपर्यंत ती भरून होते. अर्जदारास फक्त सहीला हाक मारतात.

२. प्रश्न ७: ‘केस विंचरता येतात का?’ तिन्ही वेळा उत्तर, ‘काही त्रास नाही.’ वस्तुस्थिती अशी की, अर्जदाराचा हात खांद्याच्या वर दहा सेकंदही टिकत नाही. वेणी रोज आई घालते. तिला विचारले असता ती अगदी मनापासून म्हणाली, ‘अगं, पण रोज विंचरलेले असतात ना? मग त्रास कसला?’ मोजे बाबा चढवतात, तर तिथेही त्रास नाही. या न्यायाने बाबा शाळेत सोडतात म्हणून अर्जदारास गाडी चालवता येते, आणि आई करते म्हणून पुरणपोळ्याही उत्तम जमतात.

३. आईबाबा खोटे बोलले असे म्हणणे नाही. पुण्याहून शशीमावशीचा फोन आला की आमच्याकडे अंगात ताप असला तरी ‘मस्त चाललंय’ म्हणतात. अर्जदारही म्हणते. वेणी घालून घेताना तिला छान वाटते, हेही कबूल. पण याच तीन कागदांवरून येत्या मंगळवारी क्लिनिकमध्ये तिचे औषध कमी करायचे घाटते आहे. औषध कमी झाले तर उद्या जिना चढता येणार नाही. मग बाबा उचलून वर नेतील, आणि प्रश्नावलीत पुन्हा येईल, ‘काही त्रास नाही.’

४. सबब, जुन्या तिन्ही प्रश्नावल्या रद्द कराव्यात. ‘हे काम दुसरे कोणी करून देते’ असा रकाना घालावा. ज्याचा आजार त्यानेच उत्तरे भरावीत. आईबाबांना काही सांगायचे असल्यास त्यांना वेगळा कागद द्यावा. ‘मुलगी लहान आहे’ हे कारण अर्जदार ऐकून घेणार नाही. तिची सही चालते, तर उत्तरही चालवून घ्यावे लागेल.

सोबत: अर्जदाराने स्वतः भरलेली प्रश्नावली. शेवटच्या पानावर अक्षर घसरले आहे, कारण हात दमला होता. ती खाडाखोड समजू नये.

नम्र आहे, पण उत्तर आल्याशिवाय गप्प न बसणारी,
उर्वी श्रीनिवास दामले
रीडिंग, ९ मे २०२५

प्रत माहितीसाठी: आई आणि बाबा.
मंगळवारी डॉक्टरांच्या खोलीत मी एकटी जाणार आहे. तुम्ही दोघं बाहेर बसा. आत काय ठरलं, ते मी येऊन सांगेन.