पान दोनशे बाराबद्दलचे मत

मी, लाम्ब्रोस झाखोस, वडिलांचे नाव स्पिरोस, वय चौऱ्याऐंशी, धंद्याने दगडाचे बांधकाम करणारा गवंडी, राहणार कोनित्सा, हे लिहून घ्यायला सांगत आहे तेव्हा माझे डोके ठिकाणावर आहे. फुप्फुसे नाहीत, पण मृत्युपत्राला ती लागत नाहीत, असे नोटरी एफ्तिखियाबाईंचे म्हणणे आहे. मला कोणी धमकावलेले नाही की भुलवलेले नाही. माझ्या पश्चात माझ्या मालमत्तेची आणि माझ्या हाडांची व्यवस्था पुढीलप्रमाणे व्हावी.

एक. राहते घर, मागची अक्रोडाची झाडे धरून, माझी भाची वासो हिला. बँकेतली शिल्लकही तिलाच. गेला हिवाळाभर तिने मला आंघोळ घातली आणि एकदाही तोंड वाकडे केले नाही.

दोन. छिन्न्या, ओळंबा व हातोडे तिच्या नवऱ्याला, इलियासला. मोठा घण त्याच्याकडेच आहे. "उद्या आणून देतो, मामा," म्हणून त्याने तो नेला तेव्हा त्याचे केस काळे होते. आता तो घण त्याचाच समजावा.

तीन. पुस्तके. सगळी लढायांची आणि इतिहासाची. थोमासच्या कॉफीच्या दुकानात, खिडकीजवळच्या टेबलावर आम्ही वाचणारे बसत असू. वर्गणी काढून एक प्रत घ्यायची, ती हातोहात फिरवायची, आणि सगळ्यांची वाचून झाली की शनिवारी सकाळी प्रत्येकाने आपले मत सांगायचे. आमच्यातल्या प्रत्येकाचा बाप नाहीतर काका ग्रीक सैन्यातून अल्बानियाच्या डोंगरात इटालियनांशी लढायला गेलेला. म्हणून पुस्तक हातात आले की आम्ही ते मागून उघडायचो, नामसूचीपासून. आपला माणूस सापडला तर पुस्तक बरे, नाही सापडला तर लेखकाला काही कळत नाही.

जनरलांच्या आठवणी थोमासने शेगडीत घालाव्यात; त्यांतल्या एका जनरलला सहाशे पानांत एकदाही थंडी वाजलेली नाही. नकाशे असलेली पुस्तके गावच्या वाचनालयाला द्यावीत. शिपायांनी काय खाल्ले ते ज्यांत लिहिले आहे, ती वासोने ठेवावीत. ती मी पुन्हा पुन्हा वाचली.

माझा बाप कुठल्याच सूचीत नव्हता. १९४१च्या फेब्रुवारीत तो जळक्या टेकडीवर बेपत्ता झाला, तेव्हा मी तीन वर्षांचा होतो. फोतिस गेरोसचा बाप मात्र प्रत्येक पुस्तकात: सार्जंट अलेक्सिस गेरोस, पहाडी तोफखाना, शौर्यपदक. फोतिस म्हणजे निवृत्त शाळामास्तर, माझा शेजारी आणि त्या टेबलावरचा सगळ्यांत कडक वाचक.

चार. जुना हिशेब. काही वर्षांपूर्वी एका जाड ग्रंथात, पान दोनशे बारावर, जळकी टेकडी पहिल्यांदा आली. एकच वाक्य: 'टेकडी प्रतिकाराविना शत्रूच्या हाती पडली.' टेबलावर सगळ्यांनी पुस्तकाची तारीफ केली.

"म्हणजे माझा बाप पळाला?" मी विचारले.

"असं कुठं लिहिलंय?" फोतिस म्हणाला. "कागदपत्रं बघून लिहिलंय त्यानं. पुस्तक चांगलं आहे."

"तुझा बाप आहे ना सूचीत! तुला चांगलंच वाटणार."

"लाम्ब्रोस, तुला पुस्तक नकोय रे. तुला दाखला हवाय."

त्यानंतरची वर्षे आम्ही एकाच टेबलावर बसून, पण एकमेकांशी न बोलता कॉफी प्यायलो.

पाच. गेल्या वर्षी त्या टेकडीवरचा खंदक उकरला गेला. निघालेली हाडे माझ्या लाळेशी ताडून पाहिली आणि बाप एका लहान पेटीतून घरी आला. तो जागेवरून हलला नव्हता. मणक्यात लोखंडाचा एक तुकडा रुतला होता. तो नेऊन मी फोतिसपुढे आपटला.

"बघ. पळाला नव्हता."

फोतिसने चष्मा काढून तुकडा डोळ्यांजवळ धरला.

"ही तांब्याची पट्टी बघ," तो म्हणाला. "हा इटालियनांचा गोळा नाही. आपला आहे. पहाडी तोफेचा."

"कुठल्या तोफेचा?"

"त्या खिंडीत आपली एकच तोफ पोचली होती." त्याने तुकडा हळूच खाली ठेवला. "माझ्या बापाची."

तो उठला. कॉफी अर्धी तशीच राहिली. तेव्हापासून तो दुकानात आलेला नाही. दार वाजवले की बायको सांगते, झोपलेत. तो गप्प बसला असता तर मला जन्मात कळले नसते. असा वाचक मी दुसरा पाहिला नाही.

म्हणजे पुस्तकातले वाक्य खरे होते. प्रतिकार करायला कोणी उरलेच नव्हते. खरे आहे, आणि तरी ते माझ्याने वाचवत नाही.

सहा. बापाची पेटी माझ्या शवपेटीत ठेवावी, पायाशी नको, छातीवर. तुकडा बाहेर काढून ठेवावा. त्याने तो पुष्कळ वर्षे पाठीत वागवला. त्या जाड ग्रंथाच्या वाचनालयातल्या प्रतीत पान दोनशे बारावर चिठ्ठी चिकटवावी: 'टेकडीवरची माणसे त्याआधीच आपल्या तोफांनी मारली गेली होती.' सूचीत माझ्या बापाचे नाव लिहावे. सार्जंट गेरोसच्या नावावर काट मारू नये. त्याने हुकूम झाला तिथे गोळा टाकला.

दफनानंतरच्या कॉफीला माझे गुणगान नको. प्रत्येकाने शेवटच्या वाचलेल्या पुस्तकाबद्दल मत सांगावे. खोटी तारीफ करील त्याला ब्रँडी देऊ नये.

सात. फोतिस गेरोस याला मी काहीही ठेवत नाही. पुस्तक नाही, खुर्ची नाही, काही नाही. हे ऐकून वासो रडली. "मामा, आता तरी राग सोड ना," म्हणाली. राग नाही, पोरी. ज्याला मृत्युपत्रातून काही मिळते त्याला त्यावर साक्षीदार म्हणून सही करता येत नाही. साक्षीदार तीन लागतात. दोन समोर बसले आहेत, तिसरी जागा फोतिसची आहे. तो आला नाही तर दुसऱ्या कोणाची सही मी घेणार नाही, मग हा कागद रद्दीत गेला तरी चालेल. वासो त्याला बोलवायला गेली आहे. मला त्याला एकदा बघायचे आहे.

वरील मजकूर मला वाचून दाखवला. तो माझाच आहे.

कोनित्सा, ९ मार्च २०२२
लाम्ब्रोस झाखोस (सही)

साक्षीदार:
१. थोमास त्सिंगास, कॉफीचे दुकान (सही)
२. पापा-सेराफिम, धर्मगुरू (सही)
३. फोतिस गेरोस, निवृत्त शिक्षक (सही)

तिसऱ्या सहीखाली, साक्षीदाराच्या हस्ताक्षरात:
पुस्तकाबद्दलचे माझे मत कायम आहे. चिठ्ठीतले वाक्य मात्र अपुरे आहे. 'आपल्या तोफांनी' हे खोडावे. 'सार्जंट अलेक्सिस गेरोस याच्या तोफेने' असे लिहावे.