तलावाच्या पाळीवर, न थांबता

आंधळगाव, मंगळवार, दिवेलागणीला

आज तलावाच्या पाळीवर चढलो! न थांबता! डायलिसिस सुरू झाल्यापासून अंगणातल्या नळापर्यंत जातानाही धाप लागायची. डॉक्टर म्हणाले, डायलिसिस नसेल त्या दिवशी थोडं चाला. तेव्हापासून बायको प्लास्टिकची खुर्ची डोक्यावर घेऊन मागे. मी दमलो की ती खुर्ची टेकवणार. गाव हसतं, मला लाज वाटते. आज खुर्ची लागलीच नाही. वर पोचून ओरडलो, "ये नं वं, काहून थांबली?"

ती अर्ध्या चढावर, स्वतःच खुर्चीवर बसलेली. "थांबा जी, आता मले दम लागून राहिला!"

मी उतरून तिचा हात धरला, तिला वर आणलं. म्हणजे मी दोनदा चढलो की! आणि खुर्ची? अरे, ती तर तिथेच राहिली.