विनायक बंदरावर गोळीबार

१४ डिसेंबर, रविवार. दुपारी विनायकच्या घरी गेलो. संध्याकाळी हुडकेश्वरला परत.

त्याच्या मुलीने, मीनूने, कॉम्प्युटर लावून दिला. विनायक वारल्यावर तिच्या अंतराळाच्या गेममधल्या यानांच्या एका बंदराला गेमवाल्यांनी त्याचं नाव दिलं. चाळीस वर्षं गच्चीवरून तारे पाहिले माझ्या धाकट्या भावाने. ते बंदर मला एकदा आतून पाहायचं होतं.

दारावर त्याच्या नावाची मोठी पाटी. यान सरळ आत घातलं. लगेच तोफा सुरू झाल्या. समोरची काच फुटली, इंजिन पेटलं.

"मोठे बाबा, न विचारता काहून घुसले? परवानगी मागा लागते."

भावाच्या घरात शिरताना कधी विचारलं होतं? आणि त्याने तरी मला कुठे काही विचारलं? छातीचं दुखणं माझ्यापासून लपवून धंतोलीच्या दवाखान्यात भरती झाला. मला सांगितलं असतं तर... मी गोळ्या झाडल्या. मुद्दाम, थेट त्या पाटीवर. माझ्या यानाचे तुकडे होईपर्यंत झाडत राहिलो. पाटीला ओरखडासुद्धा आला नाही.

मीनूने कीबोर्ड स्वतःकडे ओढला.

"यान नवीन भेटते. पण आता बंदरवाले तुम्हाले आत घेणार नाहीत. पप्पांच्या बंदराचे दुश्मन झाले तुम्ही."

ती हसली, मग रडली. मला रडू आलं नाही. त्या पाटीवर काहून झाडल्या मी?

घरी येऊन कणीक मळली. मुठींनी, बराच वेळ. एकट्याला लागते त्याहून खूप जास्त भिजवली गेली.