तुझं काजा, माझं काजा

पेजेंग, १४ जुलै

चि. सौ. कोमांग,
ओम स्वस्त्यस्तु. तुझ्या ब्लीचे, दादाचे, म्हणजे थोरल्या पुतूचे नव्हे तर मधल्या, बडबड्या भावाचे आशीर्वाद.

आम्ही सगळे इकडे बरे आहोत. तुझ्या वहिनीचा गुडघा पायरी चढताना कुरकुरतो आणि उतरताना गप्प बसतो. ती म्हणते, "गुडघासुद्धा तुमच्या वळणावर गेला, चढण आली की नाटकं." अंगणातल्या फणसाला यंदा बुडाशी अकरा फणस लागलेत. बापांनी लावलेला, आठवतो ना? तू त्याच्याभोवती राखेची रांगोळी घालायचीस, मुंग्यांनी चढू नये म्हणून.

फोन करायचा सोडून पत्र काय लिहितोय, असं तुला वाटेल. फोनवर माझी जीभ घसरते. तुझ्याइतकं ते कुणाला ठाऊक आहे? कागदावर निदान खोडता येतं. याआधीची तीन पत्रं खोडाखोडीतच चुलीत गेली.

मुख्य बातमी अशी, की आपल्या बंजारच्या, वाडीच्या सभेत ठरलं: २३ ऑगस्टला सामुदायिक दहन. एकेचाळीस जणांची हाडं उकरायची, त्यात बापा. चार वर्षं झाली त्यांना मातीत वाट बघत. पुतूनं मागच्या महिन्यात विचारलं, "कोमांगला कळवलंस ना?" मी म्हणालो, "कधीच." थोरल्या भावाशी धडधडीत खोटं बोललो आणि जाऊन बदकांना कोंडा घालत बसलो.

माझं बाकी तेच. शाळा सुटली तरी गुरुजीपण सुटत नाही. आठवड्यातून तीन-चार दिवस पाहुण्यांना गाडीतून फिरवतो. दिवस त्यांचा, वाट त्यांच्या मर्जीची: कुणाला देऊळ हवं, कुणाला भाताच्या पायऱ्या, कुणाला धबधब्याखाली ओरडायचं असतं. ते सांगतील तिथं थांबायचं. फक्त उत्तरेचं नाव काढलं की मी म्हणतो, रस्ता खचलाय. चार वर्षं माझ्या तोंडी तो रस्ता खचलेलाच आहे. सरोवराकाठच्या देवळापर्यंत नेतो आणि तिथून गाडी वळवतो.

परवा एक डच बाई आली, सोबत तिचे वडील. म्हातारा नव्वदीचा, काठीवर दोन्ही हात ठेवून बसलेला. बाई म्हणाली, "यांना काळ्या वाळूचा किनारा बघायचाय." मी तोंड उघडलं रस्ता खचलाय म्हणायला, आणि त्या म्हाताऱ्यानं मागे टेकून डोळे मिटले. अगदी बापांसारखे. जणू पोहोचवणारा माणूस भेटला, आता काळजी नाही. माझ्याच्यानं खोटं बोलवेना.

कोमांग, परवा मी तुमच्या बाजारात आलो होतो.

पाहुणे किनाऱ्यावर बसले होते, मी बाजाराच्या समुद्राकडच्या टोकाला, खालच्या वडापाशी गाडी लावली आणि डोंगराकडच्या, वरच्या वडापर्यंत चालत गेलो. तीनशे बारा पावलं. इतकीच गं, फक्त तीनशे बारा. तू वरच्या पारावर देवाच्या फुलांच्या परड्या मांडून बसली होतीस. मान खाली, बोटं नारळाच्या पात्यात. मानेवरचे केस पांढरे झालेत तुझे. मी केळीवालीच्या आडोशाला उभा राहिलो, तुला डोळे भरून पाहिलं, आणि हाक न मारता परत फिरलो. केळीवाली म्हणाली, "आजोबा, घ्यायचं नसेल तर सावली तरी सोडा."

तुला आठवतं, लग्न होऊन तू त्या डोंगरापलीकडे गेलीस त्या पहिल्या रात्रीची गोष्ट? तूच पत्रात लिहिली होतीस. आपल्याकडे निजायचं ते डोकं काजाला, डोंगराच्या बाजूला, आणि पाय केलोदला, समुद्राकडे. आपला डोंगर उत्तरेला, म्हणून तू सवयीनं उत्तरेला डोकं करून निजलीस. पण तुमच्याकडे डोंगर दक्षिणेला! तिथलं काजा म्हणजे आपली उलटी बाजू. सकाळी सासूनं पाहिलं तर सूनबाईंचे पाय थेट देवांच्या डोंगराकडे. म्हणाली, "काय गं, देवांना लाथा मारायला आलीस का आमच्याकडे?" मी ते पत्र वर्गात वाचून दाखवलं होतं आणि पोरं हसून लोळली होती. त्याच दिवशी फळ्यावर दोन ओळी जुळवल्या:

डोंगराकडे डोकं ठेव, समुद्राकडे पाय,
वाट चुकल्या लेकराला हाक मारील माय.

पुढे कितीतरी वर्षं पहिलीची पोरं ती घोकत होती. बापांना अक्षर येत नव्हतं, पण शाळेच्या कुंपणाशी गाय बांधता बांधता त्यांनीही पाठ केली. हे सगळं एवढ्यासाठी लिहितोय, की मला ठाऊक नव्हतं असं मला म्हणता येणार नाही. तुझं काजा आणि माझं काजा वेगळं, हे मी फळ्यावर शिकवलेलं आहे.

आता बापा तुझ्याकडे यायला निघाले, त्या दिवसाचं.

तुला मी सांगितलं होतं, पाहुण्यांना घाई होती. नव्हती. ऑस्ट्रेलियातल्या पर्थचं म्हातारं जोडपं होतं ते, स्वभावानं लोण्यासारखं. बापांना पुढच्या सीटवर बसवलं तर बाईंनी स्वतःची उशी त्यांच्या पाठीला दिली. वर म्हणाल्या, "आधी तुमच्या बहिणीकडे जाऊ या. तिच्या हातचा चहा पिऊ. आजचा दिवस आमच्या मर्जीचा ना? मग ही आमची मर्जी." ऐकते आहेस ना? ते तुझ्या दारात यायला निघाले होते. मी म्हणालो, रस्ता अरुंद आहे, गाडी जात नाही.

बाई शाळामास्तरीण होत्या. भाताच्या पायऱ्यांपाशी मी त्यांना एक पद्य गाऊन दाखवलं, मोडक्यातोडक्या इंग्रजीत अर्थ सांगितला. त्यांनी डोळे पुसले आणि म्हणाल्या, "आणखी एक." कोमांग, चाळीस वर्षं मी बाकांवर जांभया देणाऱ्या पोरांना कविता शिकवली. 'आणखी एक' असं मला जन्मात कुणी म्हटलं नव्हतं.

आणि बापा मध्ये मध्ये बोलत होते. विड्याची पिंक खिडकीतून टाकायचे, ती मागच्या काचेवर उडायची. दर वळणाला थांबा म्हणायचे, लघवीला. मी दुसरं पद्य सुरू केलं की विचारायचे, "कोमांगचं घर आलं का रे?" एका पद्यात तीनदा. बाईंनी विचारलं, "तुमचे वडील काय म्हणताहेत?" मी म्हणालो, "काही नाही. म्हातारं माणूस, बडबडतं."

मला बापांची लाज वाटली. हेच ते वाक्य, ज्याच्यापायी तीन पत्रं चुलीत गेली.

म्हणून बाजारात आल्यावर त्यांना खालच्या वडाच्या पारावर बसवलं, पाण्याची बाटली दिली, सांगितलं, "कोमांग येतेय." आणि पाहुण्यांना घेऊन पलीकडच्या खोऱ्यातल्या धबधब्याकडे निघालो. त्यांनी मागितलाही नव्हता तो धबधबा. मला गायला निवांत जागा हवी होती. निघता निघता तुला फोन केला. पुढचं तुला पाठ असेल, तरी मी माझ्या हातानं लिहितो.

मी म्हणालो, "बापांना काजाच्या वडाखाली बसवलंय, ये घेऊन जा."

तू म्हणालीस, "ब्ली, कुठल्या काजाच्या? तुझ्या की माझ्या?"

आणि मी, बाई गाडीत वाट बघताहेत म्हणून, ओरडलो, "काजा म्हणजे काजा! दोन दोन काजा असतात का कुठं?" आणि फोन बंद केला. माझ्या जिभेवरचं काजा म्हणजे उत्तर, आणि तुमच्याकडे उत्तरेला तो खालचा, समुद्राकडचा वड. पुढे खोऱ्यात फोन लागतच नव्हता.

तू विचारलं होतंस. स्पष्ट विचारलं होतंस. माझं उत्तर ऐकून तू तुमच्या रीतीप्रमाणे वरच्या, डोंगराकडच्या वडाखाली जाऊन थांबलीस, आणि मी अजून पोहोचलो नाही असं समजत राहिलीस. बापा खालच्या वडाखाली. मधे बाजार, त्यात त्या दिवशी देवळाची मिरवणूक. कंटाळून बापा उठले असतील. त्यांनी लोकांना विचारलं, केलोद कुठे? त्यांच्या हिशेबानं बरोबरच होतं: डोंगर ओलांडून आलो, तर आपलं पेजेंगचं घर केलोदला, दक्षिणेला. आणि तुमच्या लोकांनी त्यांच्या हिशेबानं बरोबरच समुद्राकडे बोट दाखवलं. सगळेच बरोबर होते. चुकीचा माणूस धबधब्यापाशी पद्य गात होता.

कोळ्यांनी त्यांना बाहेर काढलं तेव्हा ते छातीभर पाण्यात होते. त्यातला एक मला म्हणाला, "आजोबा ऐकेचनात. म्हणे, घर इकडेच आहे, सगळे हेच सांगतात. आणि काहीतरी गुणगुणत होते, डोंगराकडे डोकं, समुद्राकडे पाय." हे मी आजवर कुणाला सांगितलं नाही. अकरा दिवसांनी ते गेले.

आणि मग मी घरात सगळ्यांसमोर म्हणालो, "मी तिला स्वच्छ सांगितलं होतं, समुद्राकडच्या वडाखाली. तिनं नीट ऐकलंच नाही." तू केळीची पानं कापत बसली होतीस. तुझी सुरी थांबली. तू माझ्याकडे पाहिलंस. मला वाटलं, आता बोलशील. तू पुन्हा पानं कापायला लागलीस. आत्या म्हणाली, "उत्तरेत जाऊन पोरगी दिशासुद्धा विसरली." त्यानंतर गालुंगानच्या एकाही सणाला तू या उंबऱ्यात आली नाहीस.

का गप्प बसलीस गं? मोठ्या भावाचा मान म्हणून? की मीच केव्हातरी बोलेन, असा माझ्यावर भरवसा होता?

काल बोललो. अंगणात पुतू दहनाच्या मनोऱ्यासाठी बांबू फोडत होता, बायका पानं विणत होत्या. मी सगळं सांगितलं. आत्याला हल्ली ऐकू येत नाही. "मोठ्यानं बोल, काय पुटपुटतोस?" दुसऱ्यांदा सांगितलं. "कोण चुकलं म्हणतोस?" तिसऱ्यांदा ओरडून सांगितलं, "मी चुकलो आत्या! मी! कोमांग नाही!" शेजारच्या अंगणातसुद्धा कुटायचं थांबलं. आत्यानं तोंडातली सुपारी थुंकली. मग म्हणाली, "मग मी तिला जे बोलले, ते आता कसं गिळू?"

पुतूनं मान वर केली नाही. "चार वर्षं मी तिच्या नवऱ्याशी बोललो नाही," एवढंच म्हणाला. नंतर म्हणाला, "हा बांबू धर. अजून बरेच फोडायचेत."

तुझ्या वहिनीला मात्र नवल वाटलं नाही. "रस्ता खचला, रस्ता खचला," ती म्हणाली, "आमच्या भावाचा ट्रक रोज त्याच रस्त्यानं लवंगा आणतो. मी म्हटलं, बघू या, हे केव्हा कबूल करतात."

दहनाच्या दिवशी मनोरा खांद्यावर घेऊन चौकात तीनदा गरगर फिरवतील, आत्म्याला घराची वाट सापडू नये म्हणून. दर वेळी मी तिथं मोठ्या आवाजात मोजतो. यंदा मोजवणार नाही. बापांना मी जिवंतपणीच फिरवलं.

तू क्षमा करावीस असं लिहीत नाही. तो हट्ट मी कुठल्या तोंडानं करू? पण बापांना अखेरचा नमस्कार करायला त्यांची लेक हवी. ते शेवटच्या दिवशी तुझ्याकडेच निघाले होते, आणि पोहोचले नाहीत. आता तू त्यांच्याकडे पोहोचावंस, एवढंच मागणं आहे.

२० ऑगस्टला मी गाडी घेऊन येतो. त्या दिवशी पाहुणे घेतलेले नाहीत. दिवस तुझा, वाट तुझ्या मर्जीची. सरोवरापाशी थांब म्हणालीस तर थांबेन, काळ्या वाळूवर थांब म्हणालीस तर तिथंही. गप्प बस म्हणालीस तर पेजेंगपर्यंत एक ओळ गाणार नाही. पुढच्या सीटवर बस. बाईंनी बापांना दिलेली ती उशी अजून माझ्याकडे आहे, तुझ्या पाठीशी ठेवीन.

आणि यायचं नसेल, तर येऊ नकोस. घरी आता सगळ्यांना ठाऊक आहे, का आली नाहीस ते. तुझ्याकडे कुणी बोट दाखवणार नाही.

सकाळी सातपासून वडाखाली उभा असेन. संध्याकाळपर्यंत. काजाच्या वडाखाली.

तुझ्या काजाच्या.

त्याच डोंगराकडे डोकं टेकवून,
तुझा ब्ली
नेंगाह