दोघी सुनांना सारख्या गोळ्या

३ फेब्रुवारी

ती. आईस, सा. न. वि. वि.

प्रकृती बरी, पण डोकं ठिकाणावर नाही. गेल्या आठवड्यात आमच्या गावच्या दवाखान्यात एक ओली बाळंतीण आली. छाती लालभडक, दगडासारखी घट्ट, अंगात ताप. सात दिवसांच्या गोळ्या दिल्या. सगळ्या संपव आणि दुखऱ्या बाजूनेही पाजत राहा, हे घसा बसेपर्यंत सांगितलं. सासूने काय करावं? धाकट्या सुनेचंही तेच दुखणं, म्हणून गोळ्या दोघींत निम्म्या-निम्म्या वाटल्या! वर मलाच ऐकवते, आमच्या घरात दुजाभाव नाही. शिवाय दूध नासलं म्हणून पाजणं बंद. आता दोघींना गळू झालंय, कापायला शहरात पाठवलं. नर्स झाले तेच चुकलं. नुसतं पालथ्या घड्यावर पाणी!

वहिनीच्या बाळाचा पापा घे.

चिडकी, पण तुझीच
ठकू

९ फेब्रुवारी

चि. ठकूस, अ. उ. आ.

तुझ्या गावच्या त्या न्यायी सासूबाईंचं वाचून मी आणि शेजारीण पोट धरून हसलो. इतकी चिडत जाऊ नकोस, खाल्लेलं अंगी लागत नाही.

इकडे ठीक. तुझ्या वहिनीला चार दिवस कणकण आहे, उजवी बाजू ठणकते म्हणते. मी म्हटलं, त्या बाजूने पाजूच नकोस, जरा विश्रांती मिळू दे. माझ्या दाढेच्या तीन गोळ्या उरल्या होत्या, त्या दिल्या. एवढ्याशासाठी डॉक्टर कशाला? तू जिवाला घोर लावून घेऊ नकोस.

माया आहेच.
आई

१३ फेब्रुवारी

आई,

कपाळावर हात मारून घेतला. अख्ख्या गावाला शिकवते आणि माझ्याच घरी दिव्याखाली अंधार! हे पत्र बसच्या कंडक्टरकडे देतेय. वाचून होताच वहिनीला डॉक्टरांकडे ने. ते सांगतील तितक्या गोळ्या, तितके दिवस. मला रजा मिळत नाही, नुसतं रडू येतंय.

नमस्कार पुढच्या पत्रात.
ठकू

२० फेब्रुवारी

चि. ठकूस,

आशीर्वाद द्यायला तोंड नाही. गळू कापावंच लागलं. ड्रेसिंगच्या वेळी सूनबाई माझाच हात घट्ट धरते. चिडली असती तर बरं वाटलं असतं. गोळ्या आता मी समोर उभी राहून देते. बाळ पितंय, ताप उतरलाय.

तुझ्या गावच्या सासूबाईंना हसले, त्याची लाज वाटते. सोबतचा दुसरा कागद त्यांच्यासाठी आहे. मी काय केलं ते सगळं लिहिलंय, काही झाकलं नाही. वाचून दाखव. नर्सचं ऐकत नाहीत, सासूचं ऐकतील.

राग ठेव, पण लोभ कमी करू नकोस.
आई