उपरण्याखालचा हात

बोसासो, सोमालिया
५ डिसेंबर २०२४

ती. अण्णांना राजनंदिनीचा शि. सा. न. वि. वि.

मी सुखरूप पोचले. फोनवर तुम्हाला निम्मं ऐकू येत नाही आणि उरलेलं आई ऐकू देत नाही, म्हणून पत्र लिहून कल्याणदादाच्या मोबाईलवर पाठवते आहे. तो छापून देईल. लॉजच्या दाराशी बंदूकवाला रखवालदार आहे हे आईला सांगू नका. सांगितलंच तर तो दिवसभर पेंगतो, हेही सांगा.

काम तुम्हाला माहीत आहेच. इथल्या समुद्रात जहाजं धरून खंडणी मागणारे चाचे आहेत. मासे धरणारी पोरं चाच्यांत का जातात, ते त्यांच्याच तोंडून ऐकून लिहायचं. पत्रकार म्हणून माझं हे पहिलंच मोठं काम, संपादकांनी दहादा विचार करून दिलेलं. चाच्यांचं गाव इथून दिवसभराच्या वाटेवर आहे आणि त्यांच्यातल्या कुणी हमी घेतल्याशिवाय तिकडे जाता येत नाही. फारह नावाचा माझा दुभाष्या तसा माणूस शोधतो आहे.

काल बंदराजवळच्या शेळ्यांच्या बाजारात गेले आणि पाय तिथेच थांबले. इथले दलाल भाव तोंडानं करतच नाहीत. तुम्ही परतूरच्या बैलबाजारात दलाली करताना उपरण्याखाली बोटांनी करता, तसाच हे फडक्याखाली करतात. शाळेला सुट्टी असली की तुम्ही मला शिकवायचात: हात काढून घेतला की नकार, सोडला नाही की सौदा पक्का, आणि तोंडानं बोलायचं ते बघणाऱ्यांसाठी. मला तिथेच रडू आलं.

निघताना घरात सगळे नको म्हणत होते. तुम्ही हो-नाही काहीच बोलला नाहीत. पण स्टेशनवर उपरण्याखाली माझा हात धरलात तो गाडी हलेपर्यंत सोडला नाहीत. त्या एका होकारावर मी इथवर आले, अण्णा.

आईला नमस्कार. लोभ आहे तसाच राहू द्यावा, काळजी तेवढी कमी करावी.

आपली
राजनंदिनी


परतूर
१४ डिसेंबर २०२४

चि. राजनंदिनी हिस अनेक आशीर्वाद वि. वि.

पत्र मिळालं. रखवालदाराचं मी लपवणार होतो, पण कल्याणनं आधीच मोठ्यानं वाचून दाखवलं. मग काय, दोन दिवस घरातल्या भाजीला मीठ नव्हतं.

शेजारच्या गोजरबाईला तुझ्या आईनं तू दुबईला आहेस असं सांगून टाकलं आहे. आता गोजरबाई रोज ओट्यावर येऊन विचारते, की पोरगी कवा येऊन राह्यली अन् अत्तर बराबर आणंल ना. तेव्हा कुठून तरी एक बाटली आण, नाहीतर आई तोंडघशी पडेल. थंडी चांगली पडली आहे. तूर शेंगांनी लगडली आहे आणि बाजारात बैलांना गिऱ्हाईक कमी आहे. आई विचारते, तिकडं भाकर भेटती का न्हाई.

आता माझं ऐक. त्या गावाला जाणं अगदीच जरुरीचं आहे का? बाजारात बसूनही माणूस कळतो. जायचंच ठरलं तर मधला माणूस फार गोड बोलायला लागल्यावर जनावराचे दात स्वतः बघावेत, एवढं ध्यानात ठेव. हा आमच्या धंद्यातला शहाणपणा, तुझ्या धंद्याला किती लागू पडतो ते तू बघ.

स्टेशनवरच्या हाताचं तू लिहिलंस. ते मी पुन्हा पुन्हा वाचलं. त्यावर पुढे लिहीन, आज लिहवत नाही.

जीव सांभाळून राहा. लोभ आहेच, ती काही विचारायची बाब नाही.

तुझे अण्णा


बोसासो
२७ डिसेंबर २०२४

ती. अण्णांना शि. सा. न. वि. वि.

आधी हे वाचा: मी बरी आहे, दोन्ही वेळा जेवते आहे आणि परतीचं तिकीट काढलं आहे. पुढचं वाचण्याआधी कल्याणदादा, आईला खाली बसव.

फारहनं हमी घेणारी शोधली. शेळ्यांच्या बाजारातली एक म्हातारी दलालीण. खरं नाव लिहीत नाही, हलीमामावशी म्हणू. तिचा भाचा चाच्यांत आहे, आणि तिच्या पाहुण्याला तिकडे कुणी धक्का लावत नाही अशी ख्याती. गेल्या आठवड्यातल्या गुरुवारी गाडीनं निघायचं ठरलं. आदल्या दिवशी मी तिला भेटायला गेले, तर भाच्याची दोन माणसं तिच्या शेजारीच उभी होती. तिनं फारहकरवी सांगितलं की पोरी, बिनघोर जा, मी आहे.

उठता उठता मला काय सुचलं कोण जाणे. मी म्हटलं, मलाही शेळीचा सौदा करता येतो. सगळे हसले. मावशीनं आपली ओढणी आमच्या हातांवर टाकली. मी भाव सांगायला तिची बोटं धरली, तिनं हात काढून घेतला. भाव वाढवला, पुन्हा काढून घेतला. मी हसत थांबणार, तर तिनंच माझा हात पकडला, घट्ट दाबला आणि झटक्यानं सोडून दिला. तोंडानं मात्र खुशाल जा, खुशाल जा, हेच चाललं होतं. तिची नजर शेळीवर नव्हती, माझ्यावर होती. तुम्ही शिकवलेलं आठवलं: हात काढून घेतला की नकार.

गुरुवारी मी पोटदुखीचं सोंग घेऊन फारहलाही थांबवून ठेवलं. गाडी रिकामी गेली. दुसऱ्या दिवशी त्याच्या कानावर आलं, की मला वाटेत उतरवून घ्यायचं आणि माझ्याच सुटकेसाठी खंडणी मागायची, असं आधीच ठरलं होतं. बिचारा माझ्यापुढे बसून रडला. त्याला यातलं काही माहीत नव्हतं.

मावशीचे आभार मानायची सोय नाही, तिच्यावर संशय येईल. बाजारात लांबून दिसली, पण तिनं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. बंदरावरच्या कोळ्यांशी आणि तुरुंगातून सुटलेल्या एका जुन्या चाच्याशी बोलून मी लेख लिहिला. संपादकांना पसंत पडला. मावशीबद्दल त्यात एक अक्षर नाही, ते फक्त तुमच्यासाठी.

तुमच्या होकारानं इथे आले आणि तिच्या नकारानं परत येते आहे. लोभ करावा, रागवायचं ते घरी आल्यावर रागवावं.

आपली
राजनंदिनी


परतूर
६ जानेवारी २०२५

चि. राजनंदिनी हिस अनेक आशीर्वाद वि. वि.

तुझं पत्र ऐकून आई आधी रडली, मग तुला खूप बोलली, मग तिळाचे लाडू वळायला बसली. म्हणत होती, त्या बाईला एक चांगलं लुगडं धाडा. पाठवलं तर तिच्यावरच बालंट येईल असं मी समजावलं, तर म्हणाली, मंग तिच्या नावानं दिवा तरी लावते. रोज लावते आहे. गोजरबाईला वाटतं, दुबईतली तुझी मालकीण आजारी आहे.

त्या दिवशी लिहवलं नाही ते आता लिहितो. स्टेशनवर मी तुला होकार दिला नव्हता. मला नाहीच म्हणायचं होतं. सगळ्यांसमोर तोंडानं म्हटलं असतं तर तू रडत गेली असतीस, म्हणून हातावर उपरणं टाकलं. नाही म्हणायचं तर हात काढून घ्यावा लागतो. जन्मभर तेच केलं, समोरच्याचं तोंड उतरलं तरी हात काढला. त्या दिवशी माझ्याच्यानं तो निघाला नाही. गाडी हलली तरी निघाला नाही. तुझा हात सोडवेना, एवढंच होतं ते. आणि सोडला नाही म्हणजे हो, हे तुला मीच शिकवलेलं.

बापाला जमलं नाही ते त्या बाईनं केलं. ती परकी म्हणून तिला हात काढता आला, की तिची मायाच माझ्याहून शहाणी, हे मला अजून उलगडलेलं नाही.

पुढे कधी असं कुठे जायचं झालं तर हाताच्या इशाऱ्यावर जाऊ नकोस. तोंडानं विचार, मी तोंडानं सांगेन. काय सांगेन ते आत्ता विचारू नकोस.

गाडीवर घ्यायला मी येतो. लोभाचं पत्रात काय लिहू. उपरणं घरी ठेवून येणार आहे. हात धरीन तो सगळ्या फलाटाला दिसू दे.

तुझे अण्णा